सातबारा नसलेल्यांचे पुनर्वसन

आस्मानी संकट जात पाहत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. संकट पाहत नसेल. पण त्यानंतर येणारी मदत माणसाआधी त्याचा कागद पाहते, आणि कागद कोणाजवळ असावा हे जातिव्यवस्थेने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. म्हणून विस्थापित कुटुंबाला रकमेइतकीच गरज असते ती त्याचे प्रकरण शेवटपर्यंत हाती धरणाऱ्या माणसाची. असा माणूस देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. जवळजवळ ८ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला गेला आणि ५२ गावे नव्या जागी वसली. घराचा आकार मात्र घरात माणसे किती यावर नव्हे, तर जमीन किती यावर ठरला. भूमिहीनांना व १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यापुढे ७५०. शेतकऱ्याला धान्य, अवजारे ठेवायला जागा लागते, असे याचे समर्थन करता येईल. पण सात माणसांच्या भूमिहीन कुटुंबाने कुठे निजायचे, याचे उत्तर त्या तक्त्यात नव्हते. भूकंपाने लहानमोठी घरे जमिनीला टेकवली होती. तक्त्याने जुनी उतरंड पुन्हा मापून दिली.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ज्यांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून १९७२ साली दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनाही हाच अनुभव आला. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळात न्यू ऑर्लीन्सचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. आज्या-पणज्यापासून चालत आलेल्या घरांची खरेदीखते अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांच्या नावावर झालेलीच नव्हती. मालकीचा पुरावा नाही, म्हणून मदत अडली.

२००६ साली तेथील आपत्ती-कायद्यात दुरुस्ती होऊन ‘केस मॅनेजमेंट’साठी केंद्राचा निधी देण्याची तरतूद झाली. पद्धत सोपी आहे. एक कार्यकर्ता कुटुंबाची जबाबदारी घेतो. काय बुडाले, काय हवे, कोणता कागद नाही, हे तो नोंदवतो. कुटुंबाशी बोलून आराखडा करतो. कोणत्या खात्याकडे वा संस्थेकडे जायचे ते दाखवतो आणि पाठपुरावा करतो. प्रत्येक खिडकीवर आपले दुःख पहिल्यापासून सांगण्याची पाळी कुटुंबावर येत नाही. मर्यादाही आहेत. राज्याने मागितल्याशिवाय ही सेवा मिळत नाही, तिला मुदत असते, आणि नियम बदलण्याचा अधिकार कार्यकर्त्याला नसतो. वारसाने आलेल्या घरांसाठी कागदाची अट खऱ्या अर्थाने सैल झाली ती २०२१ साली.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. त्याच भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून शासनाने कामाला लावले. कोणाचा हक्क काय, बांधकाम कसे हवे, हे त्या लोकांना समजावत आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. शासनाला वाटले तर ते असे माणूस नेमू शकते, हे यावरून सिद्ध होते.

एरवी हे काम कोण करते? मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयातून परतलो की वस्तीतले कोणी ना कोणी कागद घेऊन उभे असते. पंचनाम्यात नाव नाही, घर मेलेल्या आजोबांच्या नावावर, बँकेचे खाते बंद. मी अर्ज लिहितो, पण साहेबासमोर माझ्या शब्दाला अधिकार नसतो. आणि ज्या वस्तीत एकही शिकलेला नाही, तिचे काय?

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. प्रत्येक बाधित वस्तीला शासनाने नेमलेला, पगारी आणि उत्तरदायी सहायक मिळावा, आणि तो शक्यतो त्याच वस्तीतला असावा. कागद नसेल तर शेजाऱ्यांची साक्ष ग्राह्य धरावी. मदत नाकारली तर कारण लेखी द्यावे. घर माणसे मोजून द्यावे. यात दयेचा प्रश्न नाही. ज्या समाजाला शतकानुशतके जमिनीपासून दूर ठेवले गेले, त्याच्याकडे आपत्तीच्या दिवशी जमिनीचा कागद मागणे, हा जुनाच अन्याय नव्या शिक्क्याने करणे होय.