बरा होऊन घरी आलेला माणूस आणि आपले गाव



आठवडी बाजारात, एस. टी. स्टँडवर मळक्या कपड्यातला, दाढी वाढलेला, स्वतःशीच बोलत फिरणारा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला आहे. कोणी चहा पाजतो, पोरं खडे मारतात, बाकीचे ‘येडा आहे’ म्हणून पुढे जातात. पण तोही कोणाचा तरी मुलगा किंवा भाऊ असतो. औषधोपचार मिळाले तर अशी माणसे घरी परतू शकतात, हे मुंबईच्या उपनगरात उभ्या राहिलेल्या एका कामाने दाखवून दिले आहे.

बोरिवलीचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांना १९८८ साली रस्त्याकडेला एक तरुण गटारातले पाणी पिताना दिसला. त्याला त्यांनी दवाखान्यात नेऊन उपचार केले. तो सुधारल्यावर कळले की, गडी आंध्र प्रदेशातला, चांगला पदवीधर! त्यातूनच ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. २००६ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ तिचे मोठे केंद्र झाले. २०१८ पर्यंत सात हजारांहून अधिक माणसांचे पुनर्वसन संस्थेने केले आणि त्याच वर्षी डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातल्या बऱ्याच जणांना स्किझोफ्रेनिया हा आजार असतो. नसलेले आवाज ऐकू येतात, घरच्याच माणसांचा संशय येतो. मग माणूस घर सोडतो आणि मिळेल त्या गाडीत बसतो. ही बाहेरची बाधा नव्हे, मेंदूचा आजार आहे. औषध लागू पडले की हळूहळू तो आपले नाव, गाव, तालुका सांगू लागतो. मग संस्थेचे कार्यकर्ते त्याला घरी पोहोचवितात आणि आजार व गोळ्यांबद्दल घरच्यांना समजावून सांगतात.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ऊस तुटून गेला म्हणून खोडव्याचे खत-पाणी आपण बंद करीत नाही. इथे मात्र ‘आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?’ म्हणून औषध सुटते आणि आजार पुन्हा उलटतो. घरचे लाजेने त्याला आत ठेवतात, गाव जुन्याच नावाने हाक मारते. औषध डॉक्टर देतील, पण माणसात परत घेणे आपल्याच हातात आहे.

त्यासाठी एवढे करावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत. झेपेल ते काम द्यावे. पाणी पाजणे असो की जनावरांची वैरण असो. कामाचे दाम मात्र बरोबरीने द्यावे. पारावर, लग्नकार्यात त्याला बोलवावे. आणि घरात असा रुग्ण असलेल्या चार कुटुंबांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था रुग्ण व नातेवाइकांचे असे स्वमदत गट चालविते. ज्याने हा त्रास भोगला आहे त्याचा शब्द दुसऱ्याला लवकर पटतो. ‘माझ्या पोरालाही असंच झालं होतं, आता तो शेतात येतो,’ हे शेजाऱ्याने सांगितले की आईबापांना धीर येतो.

रस्त्यावर असा माणूस दिसल्यास पोलिसांना कळवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा माणसाला संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. घरातल्या कोणाबद्दल शंका असेल तर देवऋषाकडे वर्ष घालवू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी, किंवा १४४१६ या सरकारी मोफत फोनवर विचारावे. जितक्या लवकर उपचार सुरू होतील, तितका माणूस घराबाहेर पडण्याचा धोका कमी.