सत्तावीस विद्यार्थ्यांची मागणी

प्रशांत महासागरातील वानुआतू हे लहानसे द्वीपराष्ट्र होय. अळूचे कंद, केळी व नारळ यांवर तेथील शेतकऱ्यांचा निर्वाह चालतो. मार्च २०१५ मधील ‘पाम’ चक्रीवादळाने ही पिके उद्ध्वस्त केली. कोळसा व खनिज तेल जाळल्याने पृथ्वी तापते, समुद्र चढतो व वादळे उग्र होतात. या तापमानवाढीत वानुआतूचा वाटा नगण्य आहे. हानी मात्र त्याच्या पदरी येते.

हा अन्याय न्यायासनापुढे मांडावा, असे २०१९ साली तेथे कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरविले. त्यांनी द्वीपराष्ट्रांच्या नेत्यांना पत्रे लिहिली. वानुआतू सरकारने प्रश्न हाती घेतला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठविला. हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून त्यात कसूर झाल्यास भरपाईची जबाबदारीही येऊ शकते, असे मत न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने दिले. हे मत सल्लादायी असले, तरी त्याचे वजन मोठे आहे.

आपल्याकडेही अवेळी पावसाने हातचे पीक जाते. गावातील सुशिक्षित तरुणांनी पाऊस, पेरणी व नुकसान यांची तारीखवार नोंद ठेवावी आणि ती ग्रामसभेत मांडावी. लेखी पुराव्यासह केलेल्या मागणीची दखल घेणे भाग पडते.