जालकातील कोटी-सहसंबंध

जालकात परस्परांना जोडलेल्या शिरोबिंदूंच्या कोटींमधील सांख्यिकीय संबंध. शिरोबिंदू व त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या रचनेस जालक म्हणतात आणि एखाद्या शिरोबिंदूस येऊन मिळणाऱ्या कडांची संख्या ही त्याची कोटी होय. मोठ्या कोटीचे शिरोबिंदू प्रामुख्याने मोठ्या कोटीच्या शिरोबिंदूंशी जोडलेले असल्यास सहसंबंध धन असतो व असे जालक सम-संयोगी म्हणतात. ते मुख्यत्वे लहान कोटीच्या शिरोबिंदूंशी जोडलेले असल्यास सहसंबंध ऋण असतो व जालक विषम-संयोगी ठरते.

मापन : मार्क न्यूमन यांनी २००२ मध्ये या गुणधर्माच्या मापनासाठी कार्ल पीअर्सन यांच्या सहसंबंध गुणांकाचा उपयोग केला. येथे निरीक्षणाचे एकक शिरोबिंदू नसून कडा हे आहे. प्रत्येक कडेच्या दोन टोकांच्या कोटींची जोडी घेतात. कडांना दिशा नसल्यास कोणते टोक पहिले हे ठरविता येत नाही, म्हणून प्रत्येक जोडी दोन्ही क्रमांनी मांडतात. मग टोकांच्या कोटींच्या गुणाकारांच्या माध्यातून कोटींच्या माध्याचा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येस कोटींच्या प्रचरणाने भागले असता गुणांक मिळतो. त्याचे मूल्य −१ ते +१ यांच्या दरम्यान असते.

उदा., एका रेषेत जोडलेल्या चार शिरोबिंदूंच्या कोटी अनुक्रमे १, २, २, १ आहेत. तीन कडांपासून क्रमासह सहा जोड्या मिळतात. त्यांत कोटींचे माध्य ५/३, गुणाकारांचे माध्य ८/३ व वर्गांचे माध्य ३ येते. अंश ८/३ − २५/९ = −१/९ आणि प्रचरण ३ − २५/९ = २/९; म्हणून गुणांक −०·५ होतो. याच कडा एकेकदाच व लहान कोटी आधी अशा क्रमाने लिहिल्या, तर दुसऱ्या स्तंभात सर्वत्र २ येऊन त्याचे प्रचरण शून्य होते व गुणांक काढताच येत नाही. जालक तेच असूनही केवळ नोंदणीच्या क्रमाने उत्तर बदलते. कडा दोन्ही क्रमांनी मांडण्याचे कारण हेच होय. एक केंद्र व त्यास जोडलेले इतर शिरोबिंदू अशा तारकाकृती जालकाचा गुणांक −१ असतो. सर्व शिरोबिंदूंची कोटी समान असल्यास मात्र गुणांक अव्याख्यात राहतो.

संगणकीय पद्धती : आर या सांख्यिकीय संगणकभाषेत आयग्राफ या संचातील, तर पायथन या भाषेत नेटवर्कएक्स या संचातील तयार फलनाने गुणांक मिळतो. आज्ञावलीस जालक सदिश आहे की अदिश हे स्पष्ट सांगावे लागते. तसेच एकच कडा दोनदा नोंदली गेलेली नाही याची आधी खात्री करावी लागते. वेन झॅकरी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कराटे मंडळाच्या जालकात ३४ शिरोबिंदू व ७८ कडा असून त्याचा गुणांक सु. −०·४७६ येतो. सर्वांत मोठ्या, म्हणजे १७ व १६ कोटींचे दोन शिरोबिंदू तेथे परस्परांना जोडलेले नाहीत.

अर्थनिर्णय : ऋण गुणांक आढळल्याने मोठे शिरोबिंदू एकमेकांना टाळतात असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. दोन शिरोबिंदूंमध्ये एकच कडा असू शकत असल्याने फार मोठ्या कोटीच्या शिरोबिंदूंच्या बहुतेक कडा लहान कोटींकडेच जाणे अपरिहार्य असते. शिवाय कडा परस्परांपासून स्वतंत्र नसल्यामुळे सहसंबंधाच्या सार्थतेची नेहमीची कसोटी येथे लागू पडत नाही. म्हणून यादृच्छिकपणे दोन कडा निवडून त्यांची टोके आपसांत बदलतात व स्वतःशीच जोडणारी किंवा दुहेरी कडा निर्माण करणारा बदल नाकारतात. यामुळे प्रत्येक शिरोबिंदूची कोटी कायम राहते. असे फेरजोडणी केलेले शेकडो वा हजारो नमुने तयार करून त्यांच्या गुणांकांच्या वितरणाशी मूळ गुणांकाची तुलना करतात. सर्गेई मास्लॉव्ह व किम स्नेपेन यांनी २००२ मध्ये प्रथिनांच्या जालकांसाठी ही रीत वापरली. काही शिरोबिंदूंच्या कोटी इतरांहून फारच मोठ्या असतील, तर पीअर्सन गुणांक जालकाच्या आकारावरही अवलंबून राहतो. अशा वेळी कोटींऐवजी त्यांचे क्रमांक घेऊन काढलेला स्पिअरमन गुणांक अधिक विश्वसनीय ठरतो.

एका अंकात न सामावणारा तपशील पाहण्यासाठी प्रत्येक कोटीच्या शिरोबिंदूंच्या शेजाऱ्यांच्या सरासरी कोटीचा आलेख काढतात. तो चढता असल्यास संबंध धन, उतरता असल्यास ऋण असतो.

महत्त्व : न्यूमन यांच्या गणनेत भौतिकीविज्ञांच्या सहलेखनाच्या जालकाचा गुणांक ०·३६३, चित्रपट-अभिनेत्यांच्या जालकाचा ०·२०८, तर इंटरनेटचा −०·१८९ व प्रथिनांच्या आंतरक्रियांचा −०·१५६ आढळला. या भेदाचे व्यावहारिक परिणाम होतात. सम-संयोगी जालकात मोठ्या कोटीचे शिरोबिंदू एकत्र गुंफलेले असल्याने त्यांतील काही काढले तरी उरलेला गाभा टिकतो. म्हणून अशा जनसमूहात सर्वाधिक संपर्काच्या काही व्यक्तींनाच लस देऊन साथ आटोक्यात येईल असे गृहीत धरता येत नाही. विषम-संयोगी जालकात मात्र असे थोडेच शिरोबिंदू नाहीसे झाल्यास जालक लवकर विखुरते. रोगप्रसार रोखण्यास हे अनुकूल, पण दळणवळणाच्या जालकास धोक्याचे असते. गुणांकाचे चिन्ह चुकीचे आल्यास किंवा त्याचा चुकीचा अर्थ लावल्यास संरक्षणाची योजनाही चुकीच्या ठिकाणी केली जाते.