जुन्या मोटारीची पारख आणि तिचे फोटो

कापडाच्या धंद्यात रंग पाहायचा असला की ठाण दुकानाबाहेर उजेडात नेतात, कारण ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. जुन्या मोटारीचेही तसेच आहे. डेंटिंग, पेंटिंग, मुलामा व सीटचे गादीकाम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांकडे अशा गाड्या येतात. म्हणून त्यांची पारख कशी करावी व फोटो कसे काढावेत, हे माहीत असलेले बरे.

इंग्रजी वर्गवारीत १९१९ ते १९३० मधील गाडीला विंटेज म्हणतात. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी विंटेज ठरते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात व तिचा धंद्यासाठी वापर करता येत नाही. यात ‘मूळ स्वरूप’ हे शब्द महत्त्वाचे. गाडीची किंमत त्यावरच ठरते.

फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत असे. तिला लाल रंग दिला तर काम सुबक होईल, पण गाडीची कदर कमी होईल. मुलाम्याचेही तेच. मोटारींवर क्रोम आला तो १९२५ नंतर. त्याआधी निकेल असे. निकेलची चमक किंचित पिवळसर, क्रोमची निळसर. माझ्या ओळखीच्या एका कारागिराने १९२० च्या सुमाराच्या गाडीच्या दिव्यांवर क्रोम चढवला. मालकाने हरकत घेतली. आधी काय होते, याचा एकही फोटो नव्हता. काम पदरच्या पैशाने पुन्हा करावे लागले आणि मजुरी बुडाली.

म्हणून पहिला स्क्रू काढण्याआधी फोटो काढावेत. वेळ सकाळची किंवा ढगाळ दिवसाची. भर दुपारी पत्र्यावर पांढरे डाग उमटतात. उभे राहून न काढता हेडलाइटच्या उंचीइतके खाली बसावे. गाडीला चिकटून काढल्यास तिचे नाक फुगलेले दिसते. दहा-बारा पावले मागे जाऊन झूम करावे. चकचकीत पत्र्यात आपलेच प्रतिबिंब पडते, म्हणून गडद कपडे घालावेत. पोलरायझर फिल्टरने काचेवरची व रंगावरची चकाकी कमी होते, उघड्या क्रोमवर मात्र त्याचा उपयोग नाही.

पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि तिरपा असे फोटो झाले की चासी नंबर, इंजिन नंबर, दिवे, डॅशबोर्ड व सीटची शिलाई जवळून टिपावी. सीटचे कापड बदलायचे असल्यास शिलाईखालचा न विटलेला भाग जरूर टिपावा. खरा रंग तिथेच सापडतो.

फोटोंवर तारीख घालून एक संच मालकाला द्यावा व दुसरा बिलाच्या नकलेसोबत आपल्याकडे ठेवावा. वाद झाला तर तो कामी येतो आणि नव्या गिऱ्हाइकाला आपला हुनर दाखवायलाही उपयोगी पडतो.