प्रवासाची मासिके : निवड आणि पारख

परभणीच्या आसपास समुद्र नाही, उंच डोंगर नाही आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा गावच्या वाचकाला प्रवासाच्या मासिकांची ओढ वाटावी यात नवल नाही. परंतु वाचनालयाची असो की घरची असो, वर्गणीची रक्कम मोजकीच असते, म्हणून कोणते मासिक लावावे हा प्रश्न येतोच. शिवाय येथे आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. कथालेखकाने थाप मारली तर कोणाचा पाय मोडत नाही. प्रवासलेखकाने मारली तर मोडू शकतो, कारण वाचणारा पुढेमागे त्याच वाटेने निघतो.

हरिश्चंद्रगडाचेच पाहा. उंची १४२४ मीटर. अकोले तालुक्यातील पाचनई गावाकडून चढले तर मुलेबाळे घेऊन जाता येते. कोकणच्या बाजूने नळीची वाट आहे. ती अनुभव नसलेल्याने सोबतीवाचून धरू नये. आता एखाद्या लेखात ‘गडाची चढण सोपी आहे’ एवढेच छापले आणि वाटेचे नावच दिले नाही, तर त्या लेखाचा उपयोग काय? चांगल्या लेखात वाट, महिना, लागलेले तास, पाणी कोठे मिळाले आणि माघार कोठून घेता येते, हे सांगितलेले असते. सूर्यास्ताचे वर्णन त्यानंतर हवे तेवढे करावे.

पण दूरचा मुलूख आपण पाहिलेला नसतो, मग लेखकाची परीक्षा कशी घ्यावी? त्याने आपल्या मुलखाविषयी काय लिहिले आहे ते आधी पाहावे. औंढा नागनाथ परभणी जिल्ह्यात आहे असे जो आजही लिहितो, त्याने जुने पुस्तक उतरवून घेतले आहे असे खुशाल समजावे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा तिकडे गेले. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याविषयी ‘एक प्राचीन मंदिर’ असे वाचनात आले, तर लेखक तेथे उतरलाच नसावा. त्या गावात मंदिरे एकाहून अधिक आहेत, आणि कोरीव स्तंभ तर वेगळाच. चारठाण्यात जो चुकला त्याच्यावर लडाखमध्ये विश्वास कशाला टाकायचा?

दुसरा प्रश्न खर्चाचा. प्रवासाचे पैसे कोणी दिले? हॉटेलवाल्याचा पाहुणचार घेऊन लिहिलेल्या लेखात ढेकूण सापडत नाहीत! या बाबतीत आपले गोडसे भटजी आदर्श होत. वरसईहून ते निघाले ते दक्षिणा मिळवून घरची ओढग्रस्त भागवावी म्हणून, आणि हे त्यांनी लपवले नाही. निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले, पण मूळ मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती निघाली ती दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली, १९६६ साली. म्हणजे लेखक प्रामाणिक असूनही संपादकाची कात्री मध्ये असतेच.

चित्रांचेही तसेच. १८८८ पासून निघणाऱ्या नॅशनल जिऑग्राफिकसारख्या नामांकित मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर, चित्र उभे बसावे म्हणून, इजिप्तचे पिरॅमिड यंत्राने जवळ सरकवले होते. पुढे त्यावर बराच गदारोळ झाला. थोरामोठ्यांची ही गत, तर इतरांच्या निळ्याशार तळ्यांविषयी काय बोलावे?

ज्याला खऱ्या साहसाचे वाचायचे आहे त्याने १९२९ पासूनचे हिमालयन जर्नल चाळावे. भाषा इंग्रजी आणि कोरडी. पण मुक्काम, उंची, हवामान आणि फसलेल्या मोहिमासुद्धा त्यात नोंदलेल्या आहेत. अरण्याची आवड असेल तर १९८१ साली सुरू झालेले सँक्च्युअरी एशिया पाहावे. मराठीत मात्र चांगले प्रवासलेखन पुष्कळदा दिवाळी अंकांत विखुरलेले असते; तेथे वर्गणी न भरता अनुक्रमणिका पाहून अंक घ्यावा हे बरे.

नवे मासिक लावण्यापूर्वी त्याचे दोन-तीन जुने अंक मिळवावेत, त्यातला एक पावसाळ्यातला असावा. जुलैच्या अंकात धबधब्यांची चित्रे असतील आणि निसरड्या कड्याविषयी अक्षरही नसेल, तर ती वर्गणी दुसरीकडे लावावी.