डेक आधी खालून बघा

“अगं, तुझी ही ओटी हलतेय. सुताराला बोलव.”

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आई न्यू जर्सीला आमच्याकडे आली होती. लेकीची शाळा संपली म्हणून घरी पंचवीसेक माणसं जमली होती. स्वयंपाकघराच्या दारातून मागे बाहेर पडलं की आमचा लाकडी डेक. आई तिथे खुर्चीत बसली होती. मुलं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावली आणि तिच्या कपातला चहा हिंदकळला. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. आईच्या आलं, कारण तिचं आयुष्य संगमेश्वर तालुक्यातल्या घरात गेलं, आणि तिथे निम्मा दिवस ओटीवरच जातो. तिने लगेच मुलांना आत घ्यायला लावलं आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून नवा डेक पुरा होईपर्यंत चौदा महिने गेले. त्या काळात मी जे शिकले, ते इथे घर घेणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या उपयोगाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी डेक पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेतल्या उपनगरांमधली घरं बहुतेक लाकडी चौकटीची असतात आणि तळमजला परसापेक्षा दोन-चार फूट उंच असतो. दारातून बाहेर त्याच पातळीवर बसायला जागा हवी म्हणून खांबांवर लाकडी मंच बांधतात, तो डेक. रचना आपल्या कडीपाटासारखीच. खाली खांब, खांबांवर तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर फळ्या. फरक एवढाच, की कड्यांचं एक टोक तुळईवर असतं आणि दुसरं टोक घराच्या भिंतीला ठोकलेल्या एका आडव्या फळीला जोडलेलं असतं. या फळीला लेजर म्हणतात. निम्म्या डेकचा भार या एका फळीवर असतो.

स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत

पहिला बिल्डर आला तो फळ्यांच्या रंगांचे नमुने घेऊन. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरा साठीच्या आसपासचा, वडिलांकडून सुतारकाम शिकलेला. त्याने वर पाऊलही ठेवलं नाही. टॉर्च घेऊन तो सरळ डेकखाली शिरला आणि पंधरा मिनिटांनी मला म्हणाला, “तुम्हीही खाली या.”

मी वाकून गेले. त्याने लेजरवर साधा स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला, ओल्या केकमध्ये सुरी जावी तसा. बाहेर काढल्यावर टोकाला काळपट भुसा चिकटला होता. लेजर नुसत्या खिळ्यांनी घराला ठोकलेला होता, बोल्ट एकही नाही. भिंत आणि लेजर यांच्या सांध्यावर पाणी बाहेर वळवणारी पट्टी असावी लागते, तिला फ्लॅशिंग म्हणतात. तीही नव्हती. वीसेक वर्षांचा पाऊस आणि वितळणारा बर्फ त्या फटीतून झिरपत राहिला होता. लाकूड कुजलं होतं आणि त्या कुजक्या लाकडात खिळे नुसते टोचलेले होते. त्या दिवशी आमची माणसं त्यावर उभी होती.

डेक कोसळतो तेव्हा मधोमध मोडतोच असं नाही. बऱ्याचदा तो घरापासून सुटतो. लेजर निसटला की सगळी चौकट एका बाजूने खाली येते, आणि माणसं भिंतीकडे घरंगळतात. २००३ च्या जूनमध्ये शिकागोत एका इमारतीच्या मागच्या लाकडी पोर्चवर पार्टी चालू असताना तो कोसळला आणि १३ जणांचा जीव गेला. १६ जून २०१५ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे वाढदिवसासाठी जमलेल्या विद्यार्थ्यांखाली बाल्कनी तुटली आणि सहा जण गेले. तिथे कड्या आतून कुजलेल्या होत्या. त्यानंतर कॅलिफोर्नियाने अशा इमारतींच्या बाल्कन्या ठरावीक मुदतीने तपासण्याचा कायदा केला. स्वतंत्र घरामागच्या डेककडे मात्र मालकानेच बघायचं असतं.

भाराचा हिशोबही त्या बिल्डरनेच मला समजावला. इथल्या बांधकाम नियमांप्रमाणे डेकने दर चौरस फुटाला ४० पौंड माणसं आणि सामान पेललं पाहिजे. आमचा डेक १२ फूट बाय १६ फूट, म्हणजे १९२ चौरस फूट. भार झाला ७,६८० पौंड, जवळपास साडेतीन टन. पंचवीस माणसं आणि खुर्च्या मिळून साधारण त्याच्या निम्म्यावर जातात. “तुमच्या आईला तो हलल्याचं जाणवलं, म्हणजे तो निम्म्याच्याही लायकीचा उरलेला नाही,” तो म्हणाला. त्याच आठवड्यात आम्ही तिकडचं दार खिळे मारून बंद केलं.

रांगोळीने आखलेला डेक

नवा डेक केवढा करायचा यावर आमच्या घरात बराच खल झाला. नवऱ्याला वीस फूट लांब हवा होता. शेवटी आईने सुचवलं ते केलं. परसातल्या गवतावर दोरी ताणली, कडेने रांगोळी टाकली आणि त्या चौकोनात टेबल-खुर्च्या मांडून आठवडाभर संध्याकाळचा चहा तिथेच घेतला. दोन गोष्टी कळल्या. सहा माणसांच्या टेबलाला, खुर्च्या मागे सरकवायला आणि मागून कुणी जायला मिळून साधारण १२ फूट बाय १२ फूट जागा लागते, म्हणजे सोळा फूट लांबी भरपूर झाली. आणि साडेपाचनंतर पश्चिमेचं ऊन नेमकं डोळ्यांवर येतं, त्यामुळे पायऱ्या त्या बाजूला नेऊन बसायची जागा घराच्या सावलीत घ्यायची. कागदावर यातलं काही सुचलं नसतं.

फळ्यांचा निर्णय त्यानंतर घेतला. स्वस्तात स्वस्त म्हणजे औषध मुरवलेलं पाइन. ते टिकतं, पण दर दोन-तीन वर्षांनी धुऊन रंगरोगण करावं लागतं. दुसरा पर्याय कॉम्पोझिटचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या. त्या महाग, पण रंगवायला नकोत, सलही जात नाही. गडद रंगाच्या फळ्या मात्र दुपारी अनवाणी पायांना चटके देतात. आम्ही फिकट कॉम्पोझिट घेतलं. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फळ्या कॉम्पोझिटच्या असल्या तरी खालची चौकट बहुतेक वेळा औषध मुरवलेल्या लाकडाचीच असते. जाहिरातीतली २५ वर्षांची हमी फळ्यांची असते, चौकटीची नव्हे.

जुनं लाकूड टाकतानाही काळजी घ्या. २००३ च्या अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात सर्रास आर्सेनिक असायचं. आमचा डेक त्याआधीचा. त्या फळ्या शेकोटीत जाळायच्या नाहीत, त्यांची रीतसर विल्हेवाट लावायची. आताच्या लाकडात तांब्याची संयुगं मुरवतात. ती माणसाला बरी, पण साध्या लोखंडाला खातात. म्हणून खिळे, बोल्ट, कड्यांचे धातूचे आधार सगळे जाड जस्तलेपनाचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

सर्वांत स्वस्त कोटेशन

तीन कोटेशन हातात आली. १४ हजार, २१ हजार आणि २६ हजार डॉलर. आकडे बघून मन पहिल्याकडे ओढ घेत होतं. मग तिन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. १४ हजारांच्या कागदावर आकार, फळीचा रंग आणि रक्कम, एवढंच होतं. पाया किती खोल, कड्यांमधलं अंतर किती, लेजर कशाने जोडणार, काही नाही. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बांधकाम परमिटचं विचारलं तर उत्तर आलं, “गरज नाही. टाउनशिपने विचारलंच तर तुम्ही घरमालक म्हणून तुमच्या नावाने काढा.” शिवाय निम्मे पैसे आधी, रोख.

हे ऐकलं की तिथेच नमस्कार करून थांबा. परमिट तुमच्या नावाने निघालं की कामाची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते. आणि परमिटशिवाय बांधलेला डेक घर विकताना बऱ्याचदा वर येतो. आमच्या जुन्या डेकचं परमिट आम्ही टाउनशिपच्या कार्यालयात शोधलं. ते कधी काढलेलंच नव्हतं. घर घेताना हा एक कागद मागायचा आमच्याकडून राहून गेला होता.

न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक ‘१३ व्हीएच’ या अक्षरांनी सुरू होतो, तो त्याच्या गाडीवर आणि करारावर असला पाहिजे, आणि तो खरा आहे का हे राज्याच्या ग्राहक विभागाकडे कुणालाही तपासता येतं. विम्याचा दाखला कंत्राटदाराच्या हातून घेऊ नका, त्याच्या विमा एजंटाकडून थेट मागवा. कामगाराला इजा झाली तर त्याचा विमा आहे का, हेही विचारा. ५०० डॉलरच्या वरचा करार लेखीच हवा, आणि कराराची प्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करायचा हक्क तुम्हाला आहे. हे न्यू जर्सीचे नियम. तुमच्या राज्यातले वेगळे असतील, ते बघून घ्या.

डेकखाली शिरलेल्या त्या बिल्डरचं कोटेशन २१ हजारांचं होतं. त्याने दिलेल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकीकडे मी स्वतः गेले. सात वर्षांपूर्वीचं काम. मी तिला विचारलं, “डेक खालून बघू का?” तिला नवल वाटलं, पण तिने बघू दिलं. बोल्ट एका रांगेत होते, खांब कोरडे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही करारावर सह्या केल्या. पैसे टप्प्यांनी ठरवले. थोडे सहीला, मग सामान उतरल्यावर, मग चौकट तपासणीत पास झाल्यावर आणि उरलेले टाउनशिपच्या शेवटच्या तपासणीचा दाखला हातात आल्यावर.

तीन फुटांचा खड्डा

खणण्याआधी ८११ या नंबरावर कळवावं लागतं. फोन फुकट आणि सेवाही फुकट. तीन-चार दिवसांत माणसं येऊन गवतावर रंगाच्या खुणा करून गेली. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, नारिंगी फोन आणि केबल. आमची पिवळी रेघ एका खांबाच्या जागेवरूनच जात होती. बिल्डरने नकाशा बदलून खांब दोन फूट सरकवला.

मग खड्डे. कोकणात लाकडाचे वैरी दोन, पाऊस आणि वाळवी. इथे त्यांत तिसऱ्याची भर पडते, ती गोठणाऱ्या जमिनीची. मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि वरचा खांब उचलतं. उन्हाळ्यात तो परत बसतो, पण होता तसा नाही. असे पाच-सात हिवाळे गेले की डेक वाकडा होतो. म्हणून पाया जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली न्यायचा. आमच्या टाउनशिपमध्ये तो निदान तीन फूट खोल लागतो.

काँक्रीट ओतण्यापूर्वी टाउनशिपचा इन्स्पेक्टर आला. प्रत्येक खड्ड्यात त्याने टेप सोडला. ३७ इंच, ३८ इंच, ३७ इंच. चौथ्याशी तो गुडघ्यावर बसला आणि टेपच्या टोकाने तळ टोचला. वरून पडलेली सैल माती तिथे साचली होती. खोली पुरेशी होती, तरी तो म्हणाला, “हे काढा, मग परत येतो.” बिल्डरने हुज्जत घातली नाही. स्वतः पालथं पडून, हात घालून त्याने माती उपसली. एक दिवस वाया गेला, पण मला तो माणूस त्या दिवशी पुरता पटला.

काँक्रीटवर धातूची बैठक बसवली आणि तिच्यावर लाकडी खांब, जमिनीपासून वर, सुटा. ते बघताना मला आमच्या ओटीचे खांब आठवले. तिथे प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा आहे. लाकूड मातीला टेकू द्यायचं नाही, हे आमच्या गावच्या सुतारालाही ठाऊक होतं.

लेजर बसवायच्या दिवशी मी घरूनच काम केलं. भिंतीचं आवरण काढून आधी कुजका भाग बदलला. लेजर अर्धा इंच जाडीच्या बोल्टांनी पक्का केला, एक वर, एक खाली, असे आळीपाळीने, म्हणजे लाकूड एका रेषेत फाटत नाही. त्यावर फ्लॅशिंगची पट्टी, वरची कड भिंतीच्या आवरणाखाली सरकवलेली. प्रत्येक कडी धातूच्या आधारात बसली आणि आधाराच्या प्रत्येक भोकात त्याच कामाचा जाड खिळा गेला. साधे स्क्रू तिथे चालत नाहीत, ते भाराखाली कडकन तुटतात. कठडा ३६ इंच उंच, आणि दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, म्हणजे रांगत्या बाळाचं डोकं अडकणार नाही.

ऑगस्टमध्ये शेवटची तपासणी झाली. दाखला आला, उरलेला चेक दिला आणि त्याच रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, ती ओटीवरच बसली होती. मी कौतुकाने फळ्या दाखवल्या, कठडा दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वरचं छान आहे गं. आता खाली जा.”

मी टॉर्च लावून डेकखाली वाकले. बोल्टांवरून, आधारांवरून, खांबांच्या बुंध्यांवरून फोन हळूहळू फिरवला. एका खांबाशी तिने मला थांबवलं, फोन जवळ न्यायला लावला आणि काँक्रीट आणि लाकूड यांच्यामधली ती बोटभर फट बराच वेळ बघत राहिली.

“बरं,” ती म्हणाली. “येत्या जूनचं तिकीट काढ माझं.”