निरोप नसेल तर किती पोळ्या?

खानावळीचा डबा तुम्ही पाहिला असेल. काही निरोप नसेल तर डब्यात चार पोळ्या; ‘आज सहा’ अशी चिठ्ठी आली तर सहा. निरोप नसताना जी किंमत धरायची, तिला संगणकाच्या भाषेत ‘डीफॉल्ट’, म्हणजेच गृहीत किंमत म्हणतात.

मोठा प्रोग्राम अनेक फायलींचा बनतो. त्या कशा जोडायच्या, तयार झालेला प्रोग्राम कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचा, या सूचना ज्या फायलीत असतात तिला बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. संगणकागणिक बदलणाऱ्या किमतींना तीत नावे दिलेली असतात, त्या प्रॉपर्टी. वापरणाऱ्याने स्वतःची किंमत दिली, की गृहीत किमतीने बाजूला व्हायला हवे. हे कसे साधते?

१९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन तयार केले. त्याची रीत पाटीसारखी: नंतर लिहिलेले आधीचे पुसून टाकते. म्हणून ‘ग्नू मेक’मध्ये गृहीत किंमत देताना बरोबरच्या चिन्हाआधी प्रश्नचिन्ह घालतात. अर्थ असा, की ‘पाटी कोरी असेल तरच लिही.’

२००० साली आलेल्या ‘अँट’ची रीत नेमकी उलटी. तेथे पहिली चिठ्ठी खिळ्याला अडकवली, की शेवटपर्यंत तीच खरी. म्हणून वापरणाऱ्याच्या किमतींची फाईल आधी वाचायची आणि गृहीत किंमत तिच्यानंतर लिहायची. क्रम चुकला, तर वापरणाऱ्याची चिठ्ठी वाया जाते आणि काम मात्र बिनबोभाट पुढे चालते.

आणि किंमत कोणीच दिली नाही तर? मेक ती जागा रिकामी सोडतो. समजा, लिनक्सवरील स्क्रिप्टमध्ये फोल्डरचे नाव, तिरपी रेघ आणि तारा लिहून ‘एवढे पुसून टाक’ अशी आज्ञा आहे. नाव गळाले, की उरते फक्त ‘/*’. म्हणजे संगणकाच्या मूळ फोल्डरमधील सारे काही! अशा आज्ञेपूर्वी नाव रिकामे नाही ना, हे तपासावे. असेल तर काम तेथेच थांबवावे.

भौतिकशास्त्राची उदाहरणे सोडवताना आपणही गुरुत्वत्वरण ९.८ गृहीत धरतो. चंद्रावर ते सुमारे १.६ असते. पुढचे गणित सोडवण्यापूर्वी, न सांगता आपण काय काय धरून चाललो आहोत, त्याची एक यादी करून पाहा बरे!